गुणी पोरीची वही

वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी आपल्याला कुणी गृहपाठ देईल, हे कालिंदीबाईंच्या ध्यानीमनी नव्हतं. टीव्ही सेंटरमागच्या त्यांच्या घरात बावीस वर्षं पाळणाघर चालू होतं आणि सगळे त्यांना मावशीच म्हणायचे. पुढच्या खोलीत सतरंजी, मधल्या खोलीत तीन पाळणे, मागं न्हाणीघरात रांगेनं मांडलेली छोटी टमरेलं. त्यांच्या हाताखालून गेलेली एक पोरगी तर दातांची डॉक्टर झाली आणि तिनं मावशींचीच दाढ उपटली. एवढं सगळं होऊन आता म्हणे मावशी अप्रशिक्षित. घ्या.

काडी घातली चारुतानं. चारुता म्हणजे प्रणयची आई. एक दिवस पोराला सोडायला आली ती हातात छापील कागद घेऊनच.

"मावशी, रागावू नका," ती म्हणाली. "आम्ही सगळ्या आयांनी मिळून ठरवलंय. घरगुती पाळणाघर असलं तरी निदान एक माणूस तरी शिकलेलं पाहिजे. हडको कॉलनीत वर्ग आहे, तीन महिन्यांचा. बुधवार आणि शनिवार. शेवटी परीक्षा. जूनच्या आत प्रमाणपत्र मिळालं की झालं."

"आणि नाही मिळालं तर?"

चारुता प्रणयच्या बुटाचा बंद सोडत बसली. मावशींना काय ते कळलं.

त्यांना मनातून लई लागलं. यजमान दत्तोपंत जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, दिवसभर पेपर वाचणारे. ते चष्म्यावरून बघून म्हणाले, "जा की. बारावीला तुझा गणिताचा पेपर राहिला होता, तोही देऊन ये." मावशींनी त्यांना त्या दिवशी दुपारचा चहा तासभर उशिरा दिला.

वर्गात बारा बायका होत्या आणि शिकवायला श्रेया. श्रेया सव्वीस वर्षांची, लग्न नाही, मूल नाही, आणि सगळ्यांना ताई म्हणायची. हिनं आयुष्यात एक तरी लंगोट बदललाय का, हा प्रश्न मावशींच्या मनात पहिल्या पाच मिनिटांत आला. पण पोरगी बोलायला लागली आणि मावशींचं डोकंच गरगरलं. कानात तेल घालायचं नाही. बाळाला पालथं झोपवायचं नाही. सहा महिन्यांच्या आत पाण्याचा थेंबही द्यायचा नाही. घुटी नाही, काजळ नाही, ठसका लागला तर पाय धरून उलटं करायचं नाही. बावीस वर्षांत मावशींनी यातलं सगळं केलं होतं आणि पोरं तर धडधाकट होती. मग चूक कुणाची म्हणायची? बरं, श्रेया जे सांगत होती त्याला कारणं देत होती, आणि कारणं पटत होती. हीच तर पंचाईत होती.

दुसऱ्या दिवशी सहा महिन्यांच्या माहनूरला न्हाऊ घालायला पायांवर घेतलं आणि मावशींचे हात मध्येच थांबले. एवढी वर्षं जे हात आपोआप चालायचे ते आता विचारायला लागले, की पुढं काय? पाण्याचा तांब्या धरून त्या तशाच बसून राहिल्या.

"बाई, लेकरू गारठलं की," हाताखालच्या चतुराबाई म्हणाल्या. चतुराबाई देवगाव रंगारीच्या. बारा वर्षं मावशींकडं होत्या आणि त्यांचं मत नेहमी तयार असायचं. "रडलं की घ्यावं, झोपलं की ठेवावं. ह्याला तीन महिने शिकावं लागतंय व्हय?"

मावशींना ना धड हसू आलं ना राग. त्यांनी टॉवेल मागितला.

तिसऱ्या आठवड्यात श्रेयानं वह्या वाटल्या. निळ्या पुठ्ठ्याच्या. एक मूल निवडायचं, दोन आठवडे रोज अर्धा तास त्याच्याकडं बघायचं आणि जे दिसेल तेवढंच लिहायचं. आपलं मत लिहायचं नाही. शेवटी एक तक्ता भरायचा, त्या वयाच्या मुलाला काय काय यायला हवं त्याचा. परीक्षेत अर्धे गुण या वहीला.

मावशींनी निवडली कहकशा. का, तर सगळ्यांत सोपी. सव्वादोन वर्षांची, गोल चेहऱ्याची, दहा महिन्यांची असल्यापासून त्यांच्याकडं. रडणं नाही, हट्ट नाही, इतर पोरं घर डोक्यावर घेत असताना ही आपली कोपऱ्यात डब्यात डबा घालत बसलेली. बाकीची आरडाओरडा करून झोपेतून उठवायची एकमेकांना, पण कहकशा उठायची नाही. झोपताना तिला एकच लागायचं. मावशींच्या मांडीवर पडून आपला तळवा त्यांच्या गळ्यावर ठेवायची, मावशी अंगाई म्हणायच्या, आणि दोन कडव्यांत पोर गार. "माझ्या गळ्याला लागलीय ती," असं मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायच्या.

बोलत नव्हती अजून, हे खरं. पण त्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. घरी दखनी उर्दू, इथं मराठी. दोन भाषांत पोर गोंधळतंच. घरी बोलत असेल आपल्या भाषेत, असं मावशी धरून चालल्या होत्या.

पहिल्या दिवशी त्यांनी लिहिलं, "कहकशा फार गुणी आहे. कुणाला त्रास देत नाही." श्रेयानं 'गुणी'खाली लाल रेघ ओढली आणि बाजूला लिहिलं, "म्हणजे काय दिसलं?"

आता गुणी म्हणजे काय दिसलं, हे काय लिहायचं? मावशी चिडल्या. गुणी म्हणजे गुणी. पण परीक्षेचा प्रश्न होता, तेव्हा दुसऱ्या दिवशी पदर खोचून बसल्या आणि लिहिलं, "मी जेवायला हाक मारली. कहकशा लगेच आली."

शनिवारी श्रेयानं वही वाचली आणि विचारलं, "ताई, हाक मारली तेव्हा तुम्ही तिला दिसत होतात का?"

"म्हणजे?"

"तिचं तोंड कुणीकडं होतं? बाकीची मुलं आधी उठली की ती आधी उठली?"

मावशींना आठवेना. पोरगी एवढ्या बारीकसारीक गोष्टी विचारतेय, हिला दुसरं काम नाही का, असं त्यांना वाटलं. पण रिक्षात बसल्यावर तोच प्रश्न डोक्यात फिरत राहिला.

सोमवारी त्यांनी मुद्दाम बघितलं. चतुराबाईंनी ताटल्या मांडल्या. मावशींनी हाक मारली. प्रणय उठला, त्याच्यामागं दुसरी दोघं. कहकशाची पाठ होती. प्रणय तिच्यासमोरून पळाला तेव्हा तिनं मान वर केली, ताटल्या बघितल्या आणि उठली. सगळ्यांत शेवटी. मावशींनी तसंच लिहिलं आणि पेन ठेवून दिलं. मनात आलं त्याला नाव द्यायचं त्यांना धाडस होईना.

मंगळवारी त्या तिच्या पाठीमागं दोन हातांवर बसल्या. "कहकशा," त्यांनी हाक मारली. पोर डब्यात डबा घालत होती. "कहकशा. ए कहकू." डबा दुसऱ्या डब्यात गेला. मग दार वाऱ्यानं आपटलं आणि ती दचकून वळली. मावशींचा जीव भांड्यात पडला. ऐकू येतं की पोरीला. मग हाकेला का वळत नाही? मराठी कळत नसेल. हो, तेच असणार.

"अहो," त्यांनी दत्तोपंतांना आतून बोलावलं, "तिला जरा त्यांच्या भाषेत हाक मारा."

दत्तोपंतांची तीस वर्षं कचेरीत गेली होती आणि निम्मं टेबल दखनीत बोलायचं. ते दारात उभे राहून म्हणाले, "कहकशा बेटी, इधर आव. देखो मैं क्या लाया." पोर आपली डब्यात. ते आणखी जवळ आले. "बेटी, सुनतीच नै क्या?"

प्रणय धावत आला आणि काय आणलंय म्हणून विचारू लागला. त्याला दखनीतलं अवाक्षर कळत नव्हतं. दत्तोपंतांनी मावशींकडं बघितलं, आणि चष्मा काढून पुसत ते आत गेले.

बुधवारी चतुराबाईंच्या हातून परात पडली. पडली कसली, मावशींनीच पाडायला सांगितली होती. माहनूर पाळण्यात किंचाळली, प्रणय रडायला लागला, आणि कहकशानं रडणाऱ्या प्रणयकडं बघून त्याला आपला डबा दिला. परातीकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. पण त्याच संध्याकाळी गल्लीतून पाण्याचा टँकर गेला तेव्हा ती खिडकीकडं पळाली. आता काय म्हणावं? एकदा वाटायचं येतं ऐकू, एकदा वाटायचं नाही. मावशींनी ते सगळं वहीत लिहिलं आणि ते वाचून त्यांना आपलंच काही कळेना.

"बाई, लेकरं असत्यात येकेक उशिरा बोलणारी," चतुराबाई म्हणाल्या. "माझा भाऊ चार वर्षांचा होईस्तोवर बोलला नाय. आता गप बसत नाय."

मावशींना हे ऐकून बरं वाटलं. बरं वाटलं म्हणूनच त्यांना स्वतःचा राग आला.

शेवटी तक्ता उरला. 'पाठीमागून हाक मारल्यास वळते.' 'न दाखवता सांगितलेली साधी गोष्ट करते.' 'दोन शब्द जोडून बोलते.' खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'मूल दोन भाषांत वाढत असल्यास दोन्ही भाषांतले शब्द मिळून मोजावेत.' म्हणजे दोन भाषांनी पोर मुकं होत नाही. मावशी त्या ओळीवर बोट ठेवून किती वेळ बसल्या. एकाही चौकोनात त्यांना बरोबरची खूण करता येईना.

आणि मग त्यांनी जे केलं ते सांगायलाच हवं. दुपारी पोरं झोपल्यावर त्यांनी वहीची लिहिलेली पानं उलटून टाकली, उरलेल्या कोऱ्या पानावर वर 'प्रणय' असं लिहिलं आणि भराभर चार पानं भरून काढली. प्रणयचं काय, तो वळतो, बोलतो, दोन सोडून दहा शब्द जोडतो. तक्ता फटाफट भरला. परीक्षेत पुरे गुण पडले असते. कहकशाच्या पानांचं काय? ती फाडली की झालं. कारण ती पानं कुणी वाचली तर पहिला प्रश्न काय विचारणार? दीड वर्ष पोर तुमच्या मांडीवर झोपली, तुम्हाला कळलं नाही? बावीस वर्षांचं नाव एका प्रश्नात मातीत. आणि आपण कोण सांगणार? आपण डॉक्टर नाही. श्रेयाच सांगायची की आपण रोगाचं नाव घ्यायचं नाही, फक्त जे बघितलं ते आईबापांना सांगायचं. आणि बघितलेलं तरी एकसारखं कुठं होतं?

पानं फाडायला त्यांनी वही उलटली. मांडीवरच्या कहकशानं झोपेत हात वर केला, चाचपडत त्यांचा गळा शोधला आणि तळवा ठेवला. मावशींना रडू कोसळलं. त्यांनी वही बाजूला ठेवली आणि पोर उठेपर्यंत हलल्या नाहीत.

साडेसहाला आबेदा आली. आबेदा एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासायची. तिचा नवरा फारूख करमाडच्या रस्त्यावर कारखान्यात होता, त्याची पाळी असली की हीच न्यायला यायची.

"आबेदा, बस जरा," मावशी म्हणाल्या. "एक विचारायचं होतं. कहकशा घरी काय काय बोलते?"

आबेदा हसली. "घरी कुठं बोलते, मावशी? तुमच्याकडंच बोलते ना सगळं."

"माझ्याकडं?"

"आमच्या अम्मी तर म्हणतात, पोरगी मराठी झाली, आपलं हिला समजत नाही. मी म्हटलं, असू दे, दिवसभर मराठी ऐकते, तीच बोलणार ना आधी." बोलता बोलता आबेदाचं हसू थांबलं. मावशींच्या चेहऱ्याकडं ती बघतच राहिली. "इथं बोलते ना ती, मावशी?"

मावशींनी मान हलवली. नाही.

"मला वाटलं, घरी बोलते," त्या म्हणाल्या.

दीड वर्ष दोन घरांनी एकमेकांच्या भरवशावर काढलं होतं. या घरचे शब्द त्या घरी असतील, त्या घरचे या घरी. आणि ते कुठंच नव्हते.

"पण येते की ती बोलावलं की," आबेदा घाईघाईनं म्हणाली. "फारूख दिव्याचं बटण चालू-बंद करतात, की पळत येते. खेळ आहे त्यांचा. आम्ही म्हणायचो, किती हुशार आहे..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. ती उठली, सतरंजीवर पाठमोऱ्या बसलेल्या लेकीच्या मागं जाऊन उभी राहिली आणि हाक मारली. आधी हळू. मग मोठ्यानं. मग इतक्या मोठ्यानं की आतून दत्तोपंत आणि चतुराबाई दोघं बाहेर आले. कहकशानं डब्यात डबा घातला, तो वाजवून बघितला आणि बाहेर काढला.

"दीड वर्षं तुमच्याकडं आहे ती, मावशी," आबेदा वळून म्हणाली. "तुम्हाला..." मग तिचा आवाज उतरला. "माझ्याकडं तर जन्मापासून आहे."

मावशींना म्हणायचं होतं की चूक माझी आहे, मला काहीच कळत नाही, मी नुसती गुणी गुणी म्हणत बसले. त्याऐवजी त्यांनी प्रणयची चार पानं फाडली आणि वही आबेदाच्या हातात दिली. "मी बघितलं ते लिहिलंय. दार आपटल्यावर वळली तेही आहे, नाही वळली तेही आहे. डॉक्टरला दाखव."

तपासणीची वेळ मिळाली ती दीड महिन्यानंतरची, नेमकी परीक्षेच्या शनिवारी, सकाळी अकराला. परीक्षाही अकराला. त्या सकाळी आबेदानं फोन केला. "मावशी, तिथं ते म्हणतात पोरगी शांत झोपली पाहिजे, तरच यंत्र लावता येतं. पहाटेपासून तिला जागी ठेवलंय. पण माझ्याकडं दिवसा झोपत नाही ती. तुमच्याकडंच झोपते."

मावशींनी श्रेयाला कळवलं की येत नाही. कारण सांगितलं. श्रेया म्हणाली, "पुढची परीक्षा ऑक्टोबरमध्ये आहे, ताई." ऑक्टोबर म्हणजे जून उलटून गेलेला. चारुताला काय सांगायचं, हे मावशींना सुचेना, आणि त्या दिवशी सुचायची गरजही वाटली नाही.

खोली छोटी होती, भिंतींना जाड कापड लावलेली. तपासणाऱ्या बाईंनी कहकशाच्या कपाळाला आणि कानांमागं वायरी चिकटवल्या. मावशी खुर्चीत बसल्या. पोर मांडीवर आडवी झाली, तळवा गळ्यावर ठेवला. मावशी अंगाई म्हणू लागल्या. पहिल्या कडव्यात पोरीचे डोळे जड झाले, दुसऱ्यात मिटले.

"आता बंद करा गाणं," बाई म्हणाल्या. "यंत्रात आवाज जातो."

मावशी गप्प झाल्या. त्याबरोबर कहकशानं डोळे उघडले, कुरकुरली, आणि मावशींकडं बघू लागली.

भिंतीजवळ बसलेली आबेदा उठून उभीच राहिली. "गाणं थांबलं ते कळलं तिला," ती म्हणाली. "मावशी, ऐकू येतंय. बघा ना, थांबलं तशी उठली. ऐकू येतंय तिला." तिच्या तोंडावर असा उजेड आला होता की मावशींनाही क्षणभर वाटलं, आपण सगळं उगीचच लिहिलं. दार आपटलं तेव्हा वळली होती. टँकर आला तेव्हा पळाली होती. पण ते जमीन हादरली तेव्हा.

आणि मग मावशींना आपल्या गळ्यावरचा हात जाणवला. दीड वर्ष तिथली थरथर टिपत असलेला हात.

त्यांना हे करायचं नव्हतं. त्यांनी तो तळवा अलगद काढून आपल्या मुठीत धरला, पोरीचं तोंड खांद्यावर वळवलं आणि तिच्या कानाशी तीच अंगाई परत म्हटली, मोठ्यानं. कहकशा रडायला लागली. दीड वर्षात ती इतकी रडलेली मावशींनी बघितली नव्हती. मूठ सोडवून घेऊन तिनं हात वर केला, गाता गळा शोधला, तळवा टेकवला, आणि गप्प झाली.

आबेदानं ते बघितलं. तिच्या तोंडावरचा उजेड गेला. ती जवळ आली, खुर्चीशेजारी जमिनीवर बसली, आणि आपला तळवा तिनं मावशींच्या गळ्यावर, लेकीच्या हाताशेजारी ठेवला.

"म्हणा तुम्ही," तपासणाऱ्या बाई हळू म्हणाल्या. "गाढ झोपली की मग यंत्र चालू करू."

मावशींनी पहिल्यापासून सुरुवात केली.